फाइल क्रमांक २९१

(वेगळा उल्लेख नसेल तिथे सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.)

ऑक्टोबर २००६

विंडोज व्हिस्टा बाजारात यायला काही महिने उरले होते. तिच्या ६४ बिटी आवृत्तीत कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्यात, बाहेरच्या कोणी फेरफार करू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने तटबंदी घातली होती. अँटिव्हायरस विकणाऱ्या कंपन्या खवळल्या. मॅकॅफीने 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात देऊन निषेध केला. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मायक्रोसॉफ्ट स्वतःही सुरक्षेची उत्पादने विकायला निघाली होती. म्हणजे घर तिचे, कुलूपही तिचे, आणि कुलपे विकणारे बाकीचे मात्र फाटकाबाहेर.

१६ डिसेंबर २००९, ब्रसेल्स

युरोपियन कमिशनबरोबर चाललेल्या वादातून मायक्रोसॉफ्टने तडजोडीची लेखी हमी दिली. तिचा एक भाग असा होता की, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना विंडोजमध्ये जितकी आत जाण्याची मुभा आहे, तितकीच ती इतर कंपन्यांच्या उत्पादनांनाही मिळेल. नियामकाला मक्तेदारी रोखायची होती आणि तेवढ्यापुरता हा करार चोख होता. आत गेलेल्याचा पाय घसरला तर काय, हा प्रश्न त्या कागदाचा नव्हता.

२१ एप्रिल २०१०

मॅकॅफीने नेहमीसारखे एक अपडेट पाठवले. त्याचा क्रमांक ५९५८. त्यात विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइल चुकून व्हायरस ठरली आणि जगभरातली यंत्रे बंद-चालू होत राहिली. ऑस्ट्रेलियात कोल्स या साखळीची काही सुपरमार्केट बंद ठेवावी लागली. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या रुग्णालयांनी तातडीचे नसलेले रुग्ण परत पाठवले. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कुर्ट्झ.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, कुर्ट्झ यांनी सहकाऱ्यांसह क्राउडस्ट्राइक ही नवी कंपनी काढली. तिच्या उत्पादनाचे नाव फाल्कन. व्हायरसची यादी जुळवत बसण्यापेक्षा यंत्रात काय चालले आहे यावर आतून पाळत ठेवायची, ही कल्पना. पाळत ठेवायची तर आत बसायला हवे. फाल्कनचा एक भाग थेट कर्नलमध्ये बसतो आणि विंडोज सुरू होताना अगदी आरंभीच जागा होतो.

१० एप्रिल २०२३, मुंबई

रिझर्व्ह बँकेने माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याबाबतचे निर्देश जारी केले. ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. एकाच पुरवठादारावर फार भार पडण्याचा धोका तपासा, त्याच्याकडून बाहेर पडण्याची योजना तयार ठेवा, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. इशारा नव्हता असे निदान आपल्याकडे तरी कोणाला म्हणता येणार नाही.

पण ऑडिटला सामोरे गेलेल्या कोणत्याही आयटी प्रमुखाला दुसरी बाजूही ठाऊक असते. प्रश्नावलीत एक ओळ असते: प्रत्येक यंत्रावर पाळत ठेवणारी यंत्रणा आहे का? 'आहे' असे लिहिण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जे सगळे घेतात तेच घेणे. मोठ्या नावावर ऑडिटर अडत नाही. अशाने नियम वेगवेगळ्या देशांचे असले तरी उत्तर एकाच कंपनीचे होत जाते.

बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४

फाल्कनची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांना मिळाली. विंडोजमधले प्रोग्रॅम आपापसात ज्या वाटांनी निरोप देतात, त्या वाटांचा गैरवापर ओळखण्याची नवी सोय तिच्यात होती. या सोयीची व्याख्या करताना २१ रकाने ठरवले गेले. प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या कोडला मात्र २० च मूल्ये पुरवली जात होती.

एकवीस रकान्यांचा सरकारी फॉर्म आणि सोबत जोडलेले वीसच कागद, असा हा प्रकार. खिडकीवर तो अडला नाही, कारण एकविसावा रकाना दर वेळी 'काहीही चालेल' असे म्हणून सोडला जात होता. तिथे कोणी पाहतच नव्हते.

मंगळवार, ५ मार्च

नव्या सोयीची ताण-चाचणी झाली. उत्तीर्ण. त्याच दिवशी तिचा पहिला नियम ग्राहकांच्या यंत्रांवर गेला. काही बिघडले नाही.

८ ते २४ एप्रिल

आणखी तीन नियम गेले. काही बिघडले नाही. चारही वेळा एकविसावा रकाना मोकळा होता.

गुरुवार, १८ जुलै

पुढे जे झाले त्यात सावध ग्राहकांचे काय झाले, हे आधी सांगायला हवे. फाल्कनची नवी आवृत्ती आली की ती लगेच घ्यायची नाही, एक किंवा दोन पावले मागे राहायचे, अशी मुभा ग्राहकाला होती. अनेक बँका, विमान कंपन्या आणि रुग्णालये ती वापरत. आधी दुसऱ्यांकडे चालू दे, मग आपण घेऊ, हे शहाणपणाचे धोरण. आयटी विभागातल्या माणसाने मोठ्या साहेबांना पटवून, बैठकीत मंजूर करून घेतलेले.

ही मुभा आवृत्तीपुरती होती. नियमांच्या फाइलींना ती लागू नव्हती. त्या दिवसातून अनेकदा येत आणि थेट आत जात. आज घ्यायची की उद्या, आधी दहा यंत्रांवर की सगळ्या, हे ठरवण्याचे बटण ग्राहकाकडे नव्हतेच. क्राउडस्ट्राइककडेही या फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत नव्हती. सगळ्यांना एकदम, हीच पद्धत होती आणि तिच्यामागे कारणही होते: हल्लेखोर टप्प्याटप्प्याने येत नाहीत.

शुक्रवार, १९ जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास

अमेरिकेच्या मध्यभागातल्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड केंद्रात बिघाड झाला. तिथे गुरुवारची संध्याकाळ होती. फ्रंटियर या विमान कंपनीची उड्डाणे थांबली. पुढच्या प्रकाराशी या बिघाडाचा संबंध नव्हता. पण काही तासांनी जेव्हा जगभरची यंत्रे पडू लागली, तेव्हा पहिला संशय याच बिघाडावर गेला आणि 'मायक्रोसॉफ्ट डाऊन' हे नाव दिवसभर चिकटले ते चिकटलेच.

सकाळी ९.१५

मुंबईत शेअर बाजार उघडला. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. बाजाराच्या आठवड्याचा शेवटचा दिवस. बँकांच्या शाखांत कर्मचारी येऊ लागले होते.

सिडनीत पावणेदोन वाजले होते. लंडनमध्ये लोक झोपेत होते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, जिथे क्राउडस्ट्राइकचे मुख्यालय आहे, रात्रीचे पावणेअकरा.

सकाळी ९.३९

क्राउडस्ट्राइकने दोन नवे नियम सोडले. ज्या फाइलीतून ते गेले तिचा क्रमांक २९१. आकार सुमारे ४० किलोबाइट, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या चित्रापेक्षाही लहान.

फाइल बाहेर पडण्याआधी तिची तपासणी एका प्रोग्रॅमने केली होती. त्या प्रोग्रॅममध्येही चूक होती. एकविसावे मूल्य पुरवले जाईल असे त्यानेही गृहीत धरले होते. त्याने फाइल पास केली. आधीचे चार नियम सुरळीत गेले होते, म्हणून ही फाइल प्रत्यक्ष विंडोजच्या यंत्रावर चालवून पाहिली गेली नाही. ऑस्टिनमध्ये कोणीही एक लॅपटॉप घेऊन ती त्यावर टाकली असती, तर मिनिटभरात कळले असते.

दोन नियमांपैकी एकात एकविसावा रकाना प्रथमच भरलेला होता.

९.४० च्या पुढे

यंत्रावरच्या कोडने एकविसावे मूल्य मागितले. ते नव्हते. कोडने विसाव्याच्या पुढच्या जागेत हात घातला. तिथे स्मृतीतला भलताच तुकडा होता. थांब, इथे काही नाही, असे सांगणारी तपासणी कोडमध्ये नव्हती.

साधा प्रोग्रॅम असा चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये बसलेला चुकला तर विंडोज सगळे काम जागच्या जागी थांबवते. निळा पडदा, उदास चेहऱ्याचे चिन्ह आणि खाली ओळ: पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. फाल्कन आरंभीच जागा होतो, तीच फाइल वाचतो. निळा पडदा.

९.४५ ते १०.३०

ऑस्ट्रेलियात दुपारचे सव्वादोन ते तीन. ऑफिसे भरलेली होती. वूलवर्थ्सच्या दुकानांत बिलाची यंत्रे गेली. दूरचित्रवाणीच्या वृत्तकक्षांत पडदे निळे झाले. सिडनीच्या विमानतळावर रांगा थबकल्या.

भारतात पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या आयटी ऑफिसांतून लॅपटॉपची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर फिरू लागली. सुरुवातीला त्यांत चेष्टाच जास्त होती. शुक्रवारी सुट्टी मिळाली, असा सूर. बाकी ठिकाणी काउंटरवरून 'सिस्टिम डाऊन आहे' असे उत्तर मिळाले आणि रांगेने ते ऐकून घेतले. आपल्याकडे या तीन शब्दांनी कोणी दचकत नाही. त्या सकाळी या सवयीमुळे बराच वेळ हा प्रकार आपल्याच ऑफिसचा, आपल्याच शाखेचा वाटत राहिला.

१०.५७

क्राउडस्ट्राइकने चुकीची फाइल मागे घेतली आणि दुरुस्त फाइल ठेवली. ७८ मिनिटे झाली होती.

कंपनीच्या बाजूने काम संपले होते. ज्या यंत्रांनी या ७८ मिनिटांत फाइल घेतली नव्हती, ती वाचली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. घरी मिटून ठेवलेले लाखो लॅपटॉप त्यामुळेच सुटले. जी यंत्रे कधीच मिटत नाहीत ती सापडली: विमानतळाची, रुग्णालयाची, आपत्कालीन दूरध्वनीची, सर्व्हरची.

ज्यांनी फाइल घेतली होती त्यांच्यासाठी दुरुस्तीचा उपयोग नव्हता. दुरुस्त फाइल इंटरनेटवरून येते. यंत्र नेटवर्कपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळत होते. एखादे यंत्र दहा-पंधरा वेळा चालू-बंद केले तर मधल्या फटीत नवी फाइल ओढून घेई. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना खरोखरच तसा सल्ला दिला. काहींना पंधरा वेळांपर्यंत करावे लागले, असेही कळवले.

अकराच्या सुमारास

दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस. वेब चेक-इन नाही, काउंटरवरचे चेक-इन नाही, बोर्डिंग पास छापणारे यंत्र नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या अकासाने विमानतळावर हाताने काम सुरू केल्याचे जाहीर केले.

हैदराबादहून एका प्रवाशाने टाकलेले छायाचित्र दिवसभर फिरले. इंडिगोचा छापील कोरा बोर्डिंग पास. नाव, कुठून, कुठे, विमान क्रमांक, आसन, सगळे पेनाने भरलेले. दिल्ली विमानतळावर एका पांढऱ्या फळ्यावर मार्करने विमाने, वेळा आणि गेट लिहिले गेले. कोरे पास कपाटात होते, म्हणून निदान लिहिता तरी आले. ते छापून ठेवणारा जो कोणी असेल, त्या दिवशी एका कंपनीपुरती तोच आपली आपत्ती व्यवस्थापन योजना होता.

दरम्यान क्राउडस्ट्राइकची पहिली लेखी सूचना निघाली होती. ती वाचायला ग्राहकांच्या पोर्टलवर लॉगिन करावे लागत होते. ज्यांचा संगणक निळा झाला होता त्यांनी ते मोबाइलवरून करायचे होते. मदतीच्या क्रमांकावर ध्वनिमुद्रित निरोप वाजत होता.

११.३० ते दुपारी १

लंडनमध्ये सकाळ उजाडली. स्काय न्यूज थेट प्रक्षेपण करू शकली नाही. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदींची प्रणाली उघडेना. बर्लिनचे विमानतळ काही तास थांबवले गेले. उत्तर जर्मनीत ल्युबेक आणि कील इथल्या विद्यापीठ रुग्णालयाने त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रद्द केल्या. अलास्कात ९११ हा आपत्कालीन क्रमांक लागेना.

शांघाय आणि बीजिंगमध्ये विमाने वेळेवर होती. चीनमध्ये क्राउडस्ट्राइक फारसे कोणी वापरत नाही. रशियाने तर हे आपल्या स्वदेशी धोरणाचे यश म्हणून सांगितले. निर्बंधांमुळे पाश्चात्त्य कंपन्या आधीच निघून गेल्या होत्या, हे सांगायचे राहून गेले.

दुपार, दिल्ली

माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले की मंत्रालय मायक्रोसॉफ्टच्या संपर्कात आहे आणि सरकारी एनआयसी नेटवर्कवर परिणाम झालेला नाही.

सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने सूचनापत्र काढले. क्रमांक सीआयएडी-२०२४-००३५, तीव्रता: गंभीर. उपाय चार पायऱ्यांचा होता. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करा. सिस्टिम ३२ च्या आतल्या ड्रायव्हर्समधले क्राउडस्ट्राइकचे फोल्डर उघडा. २९१ ची फाइल शोधून काढून टाका. यंत्र नेहमीसारखे सुरू करा. या चारही पायऱ्या कंपनीच्याच होत्या. सरकारजवळ वेगळा उपाय नव्हता आणि असणारही नव्हता, कारण आत काय आहे हे कंपनीलाच ठाऊक.

याच सर्ट-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश असा आहे की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. कंपन्यांनी आपली घड्याळे सरकारी घड्याळाशी जुळवून ठेवायची, हेही त्यात आहे. त्या आदेशासोबतची यादी वाचली तर त्यात प्रामुख्याने हल्ले आहेत. राखणदारच अंगावर कोसळला तर ती घटना कोणत्या रकान्यात, ते तिथे दिसत नाही.

तीच दुपार, कोणतेही ऑफिस

चार पायऱ्या कागदावर सोप्या आहेत. त्या दूरवरून करता येत नाहीत. प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसावा लागतो.

शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर बिटलॉकर असतो. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतला मजकूर वाचता येऊ नये म्हणून, बहुतेक ठिकाणी नियमानेच लावलेला. सेफ मोडमध्ये जायचे तर तो रिकव्हरी की मागतो: ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. सपोर्टवरचा मुलगा फोनवर आकडे सांगतो, घरून काम करणारी मॅडम ते टाइप करते. सहावा गट चुकतो. पुन्हा पहिल्यापासून. एका यंत्राला वीस मिनिटे, अर्धा तास. अशी यंत्रे कंपनीत दोन हजार.

काही कंपन्यांत या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तो सर्व्हरही निळ्या पडद्यावर होता.

दुपारी ३.१५

जॉर्ज कुर्ट्झ यांनी एक्सवर निवेदन टाकले. विंडोजसाठीच्या एका अपडेटमध्ये दोष आढळला आहे, हा सायबर हल्ला नाही, दुरुस्ती उपलब्ध केली आहे. फाइल मागे घेतल्याला चार तास अठरा मिनिटे झाली होती. निवेदनात माफी नव्हती. ती नंतर अमेरिकन टीव्हीवर मागितली गेली.

'हल्ला नाही' या वाक्याने अनेकांना हायसे वाटले. वाटायला नको होते. हल्लेखोराला रोखता येते, निदान तसा प्रयत्न तरी करता येतो. इथे दार उघडण्याची परवानगी ग्राहकाने आगाऊ, करार करून, पैसे भरून दिलेली होती.

संध्याकाळ, मुंबई

रिझर्व्ह बँकेचे निवेदन आले. दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले, ते दूर झाले आहेत किंवा होत आहेत. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नाहीत आणि अगदी थोड्याच बँका क्राउडस्ट्राइक वापरतात, असे कारणही दिले.

हे निवेदन पुन्हा वाचण्याजोगे आहे. भारतीय बँकव्यवस्था वाचली हे खरे. पण दिलेले कारण 'आम्ही घेतले होते आणि तरी निभावले' असे नाही. 'बहुतेकांनी घेतलेच नव्हते' असे आहे. यात धोरण किती आणि योगायोग किती, हे मला त्या निवेदनातून ठरवता आले नाही. त्या दिवशी दुसऱ्या एखाद्या कंपनीची फाइल चुकली असती तर आकडा दहाच राहिला असता का?

मध्यरात्रीपर्यंत एकट्या इंडिगोची सुमारे दोनशे उड्डाणे रद्द झाली होती.

शनिवार, २० जुलै, पहाटे ३

देशातल्या विमानतळांवरच्या प्रणाली पूर्ववत चालू लागल्या. हवाई वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सकाळी ही वेळ जाहीर केली. फाइल सुटल्यापासून सतरा तास एकवीस मिनिटे.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: ८५ लाख यंत्रे. विंडोजच्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी, असे त्यांनी आवर्जून लिहिले. तो एक टक्का नेमका कोणाकडे होता, हे जग आदल्या दिवशी पाहून बसले होते.

पुढचा आठवडा

अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्स पाच दिवस सावरली नाही. सुमारे सात हजार उड्डाणे रद्द, १३ लाख प्रवासी अडकलेले, तोटा डेल्टाच्या हिशेबाने ५० कोटी डॉलर. ४० हजार सर्व्हर एकेक करून हाताने सुरू करावे लागले, असे प्रमुख एड बास्टियन म्हणाले. अमेरिकेच्या परिवहन खात्याने चौकशी सुरू केली ती डेल्टाची. खात्याच्या कक्षेत विमान कंपन्या येतात, सॉफ्टवेअर कंपन्या येत नाहीत.

क्राउडस्ट्राइकने मदतीला धावलेल्या भागीदार कंपन्यांच्या लोकांना कृतज्ञता म्हणून दहा डॉलरचे उबर ईट्सचे कूपन पाठवले. एकदम इतक्या जणांनी ते वापरू पाहिल्यावर उबरच्या यंत्रणेला ती फसवणूक वाटली आणि तिने कूपन बंद केले.

ब्रसेल्सचा जुना कागद या आठवड्यात पुन्हा वर आला. कर्नल बाहेरच्यांना बंद का नाही, या 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या प्रश्नावर मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने २००९ च्या हमीकडे बोट दाखवले. अॅपलवर तसे बंधन नव्हते आणि तिने २०२० च्या सुमारास मॅकचा कर्नल बाहेरच्यांना बंद करत आणला होता. युरोपियन कमिशनने उत्तर दिले की सुरक्षेची अडचण मायक्रोसॉफ्टने त्यांच्याकडे कधीच मांडली नाही, आधीही नाही आणि या घटनेनंतरही नाही. माझ्या मते इथे कमिशनचे पारडे जड आहे. हमी समान वागणुकीची होती. स्वतःची उत्पादनेही कर्नलबाहेर काढून मायक्रोसॉफ्टला ती पाळता आली असती. पंधरा वर्षे होती.

६ ऑगस्ट

क्राउडस्ट्राइकने मूळ कारणांचा अहवाल प्रसिद्ध केला. एकवीस आणि वीस हे आकडे जगाला त्यातून कळले.

२४ सप्टेंबर, वॉशिंग्टन

कंपनीचे वरिष्ठ उपाध्यक्ष अॅडम मायर्स काँग्रेसच्या उपसमितीपुढे हजर झाले. त्यांनी माफी मागितली. आता नियमांच्या फाइली टप्प्याटप्प्याने जातात आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहक ठरवू शकतो, असे सांगितले. म्हणजे १८ जुलैच्या रात्री सावध ग्राहकांना जे बटण आपल्याकडे आहे असे वाटत होते, ते त्यांना आता मिळाले होते.

१८ जुलै २०२५, ब्रसेल्स

फाइल २९१ च्या घटनेला वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी. युरोपियन युनियनने रशियावरच्या निर्बंधांचे अठरावे पॅकेज मंजूर केले. त्यात गुजरातमधल्या वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे नाव होते. तो चालवणारी नायरा एनर्जी ही कंपनी भारतात नोंदलेली, मुख्यालय मुंबईत. तिचे ४९.१३ टक्के भाग रशियाच्या रोसनेफ्टकडे आहेत. क्षमता वर्षाला दोन कोटी टन आणि देशभर साडेसहा हजारांवर पेट्रोल पंप.

२२ जुलै २०२५

नायराच्या कर्मचाऱ्यांचे आउटलुक आणि टीम्स बंद झाले. या वेळी निळा पडदा नव्हता, कोणाची चूकही नव्हती. मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली होती. भारतात असा कोणताही निर्बंध लागू नव्हता. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असताना आपलाच विदा आपल्याला उघडता येत नाही, असे नायराने म्हटले. २८ तारखेला कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्याचे जाहीर केले.

निर्बंध ब्रसेल्सचा, सेवा रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टची, बंद पडलेले ऑफिस मुंबईचे, न्यायालय दिल्लीचे. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाली. तोवर आठ दिवस गेले होते आणि नायराने आपला ईमेल मुंबईच्याच रेडिफकडे हलवला होता.